नोकरीचे कागद कंपनीचे, संसाराचे आपले

ऑफर लेटर हातात आलं की घरात दोन प्रश्न लगेच सुरू होतात. बॅगा किती किलोच्या नेता येतात, आणि थंडीचे कपडे इथून घ्यायचे की तिथे? दोन्ही शेवटच्या आठवड्यातले प्रश्न. त्याच्या खूप आधी विचारायचा प्रश्न असा, की मुलाचा जन्म कुठल्या वॉर्डात नोंदला गेलाय आणि त्या दाखल्यावर मुलाचं नाव आहे का.

पुढचं सगळं मुंबईहून नेदरलँड्सला सहकुटुंब जाण्याबद्दल आहे. एकाला तिकडची नोकरी, दुसऱ्याने इकडची सोडलेली, आणि पाच वर्षांच्या आगेमागे असलेलं एक मूल, असं आमच्यासारखं घर धरून लिहिलंय. नोकरी करणाऱ्याचं बरंचसं कंपनीच उरकते. हायली स्किल्ड मायग्रंट म्हणून जाणार असाल तर आयएनडीकडे, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे, अर्ज कंपनीच करते. नवरा-बायको आणि मुलांचे अर्जही त्याच्याबरोबरच जातात. निर्णयासाठी खात्याला ९० दिवस असतात, पण मान्यताप्राप्त कंपनीचा अर्ज असेल तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत होकार येतो. मग मुंबईत बोटांचे ठसे देऊन पासपोर्टवर एमव्हीव्हीचा, म्हणजे तिकडे राहायला जाण्याच्या प्रवेश-व्हिसाचा, शिक्का घ्यायचा. तो ९० दिवस चालतो. इथपर्यंत सगळं सुतासारखं सरळ जातं, म्हणून माणूस बेसावध राहतो. अडतं ते लग्नाच्या आणि जन्माच्या दाखल्यापाशी, आणि हे दोन कागद कंपनीचा वकील तुम्हाला आणून देत नाही.

जन्माची नोंद राहत्या घराच्या नव्हे, हॉस्पिटलच्या वॉर्डात होते. घर मुलुंडला, टी वॉर्डात, आणि बाळंतपण परळला झालेलं असेल तर दाखला एफ दक्षिण वॉर्डातून काढावा लागतो. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. त्यामुळे कित्येक मुंबईकर मुलांचे दाखले सांगली, चिपळूण, नाशिक अशा ठिकाणच्या पालिकांचे असतात आणि एका दाखल्यासाठी रात्रीची एसटी धरावी लागते. नावाचा रकाना रिकामा का असतो, त्याचंही कारण साधं आहे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत द्यायची असते, हॉस्पिटल ती पहिल्या काही दिवसांतच पाठवून देतं. बारसं होतं त्यानंतर. नोंदीत मग 'मुलगी' एवढंच राहतं आणि नाव घालायला पुन्हा कोणी जात नाही. वर्षाच्या आत नाव फुकट घालून मिळतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मुलाचं हे काम एखाद-दोन फेऱ्यांत होतं. खरी दमछाक आई-वडिलांच्या स्वतःच्या दाखल्यांची. १९८०च्या दशकातल्या नोंदी हाताने लिहिलेल्या, नावाशिवाय, कधी ग्रामपंचायतीच्या वहीतल्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आपलं इथलं सगळं आयुष्य निघालेलं असतं. तिथे तो चालत नाही.

दाखला इंग्रजीत असेल तर तिकडे भाषांतर लागत नाही. मुंबई महापालिकेचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत असतो, म्हणून तो थेट चालतो. गावचा जुना दाखला फक्त मराठीत असेल तर त्याच कार्यालयातून द्विभाषिक नमुन्यातली नवी प्रत मागून घ्या. शपथबद्ध भाषांतरकाराचा खर्च त्यापुढे कितीतरी जास्त होतो. प्रत्येक दाखल्याच्या दोन-तीन मूळ प्रती काढा. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका. आपल्याकडे महत्त्वाचा कागद दिसला की आधी प्लॅस्टिकमध्ये घालायची सवय आहे, पण अपॉस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून सरकार देतं त्या प्रमाणपत्राचा, स्टिकर कागदाच्या पाठीवर चिकटवावा लागतो. लॅमिनेट केलेला दाखला खिडकीवरूनच परत येतो.

लग्नाचं तसंच. हॉलवर लग्न झालं, अल्बम झाला, पासपोर्टवर जोडीदाराचं नावही चढलं, पण नोंदणी राहिलेली, अशी जोडपी मुंबईत भरपूर आहेत. महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्याखाली वॉर्डातल्या विवाह निबंधकाकडे नोंदणी होते. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, आणि तीन साक्षीदार प्रत्यक्ष हजर. गुरुजी शोधणं हे यातलं सगळ्यात अवघड काम, विशेषतः लग्नाला आठ-दहा वर्षं होऊन गेली असतील तर. उशिराच्या नोंदणीला दंड असतो, पण तो किरकोळ. साक्षीदार तिघेही एकाच दिवशी, कामाच्या वेळेत वॉर्ड ऑफिसात जमवणं जास्त महाग पडतं.

नावांकडे इथे नीट बघा, कारण आपली नाव लिहायची पद्धत परदेशात कोणालाच कळत नाही. आईच्या जन्मदाखल्यावर 'सुप्रिया अनंत पवार', पासपोर्टवर 'सुप्रिया रोहन कदम', मुलाच्या दाखल्यावर आईचं नाव नुसतं 'सुप्रिया' किंवा माहेरचं. आपल्याला ही एकच बाई दिसते. तिथल्या कारकुनाला तीन दिसतात. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं पूर्ण नाव असतं, तोच या कागदांमधला दुवा. त्यावरचं स्पेलिंग जन्मदाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. सावंतमध्ये व्ही की डब्ल्यू, वैद्यमध्ये शेवटी ए आहे की नाही, एवढ्यावरून शपथपत्र करायची वेळ येते. नेदरलँड्सच्या नोंदवहीत बाईचं आडनाव कायम जन्माचंच राहतं. पत्रांवर नवऱ्याचं आडनाव वापरायचं का, हे वेगळं विचारतात. म्हणजे पासपोर्टवर आडनाव बदललेलं नसेल तर तिकडे उलट सोपं जातं. मुलाच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये वडिलांचं नाव जोडलेलं असेल तर ते तिथे त्याचं दुसरं नाव समजतात. शाळेच्या अर्जात हाक मारायच्या नावाचा वेगळा रकाना असतो, तो भरायला विसरू नका. नाहीतर वर्गात पोराला बापाच्या नावासकट हाक मारतात.

मग अपॉस्टिल. हेग करारानुसार भारताचं अपॉस्टिल जुलै २००५पासून लागू आहे आणि नेदरलँड्स ते मानतं. क्रम ठरलेला: दाखला आधी राज्याच्या गृह विभागाकडून, मंत्रालयातून, साक्षांकित करायचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. परराष्ट्र मंत्रालयाचं शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. कागद त्यांनी नेमलेल्या संस्थांमार्फत घेतले जातात आणि त्यांची फी वर. फोर्टातले एजंट याच कामाचे कागदामागे काही हजार घेतात, कारण मंत्रालयातल्या फेऱ्या ते मारतात. वेळ असेल तर स्वतः करा, पण एजंटाला देणार असाल तर राज्याचा शिक्का खरोखर झाला की नाही ते कागद परत घेताना उलटून बघा. अपॉस्टिलवर नंबर असतो, तो परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर तपासता येतो. तोही घरी येऊन लगेच तपासा. एकूण या दाखला-प्रकरणाला सहा आठवडे धरा, गावचा दाखला असेल तर आठ. तुमचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर तो पहिल्यांदाच कामाला येतोय असं समजा.

पैशांच्या बाबतीत निघायची तारीख महत्त्वाची आहे, आणि हे कोणी सांगत नाही. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिलात तर त्या वर्षी तुम्ही इथले करदाते, आणि तिकडचा पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. १ एप्रिलपासून मोजलं तर १८२वा दिवस २९ सप्टेंबर. निघायचा दिवसही धरतात, म्हणून २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसलं तर त्या वर्षापुरते अनिवासी. गणपती उरकून निघू म्हणताना एवढं कॅलेंडर समोर ठेवा. गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालवणं नियमात बसत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यायचं. चालू असलेलं पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. फ्लॅट भाड्याने देणार असाल तर मालक अनिवासी झाल्यावर भाडेकरूला भाड्यातून ३०% अधिक सेस, म्हणजे ३१.२% कर कापून भरावा लागतो. बहुतेक भाडेकरूंना आणि त्यांच्या ब्रोकरना हे माहीतच नसतं. लिव्ह अँड लायसन्स करारात कलम घालून घ्या आणि त्यांना टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढायला लावा. करार नोंदवायला, सोसायटीच्या कामांना भाऊ किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र इथूनच करून जा. तिकडून करायचं तर दूतावासाची अपॉइंटमेंट लागते.

मुंबईचं सिमकार्ड बंद करू नका. बँक, आधार, आयकर, पीएफ, सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. कमीत कमी रकमेचं रिचार्ज चालू ठेवून जुन्या फोनमध्ये घालून ठेवा. रोमिंग भारतात असतानाच चालू करून घ्या, बाहेर गेल्यावर ते चालू करायलाही ओटीपी लागतो.

सामानाबद्दल थोडंच. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे. आईने कढवलेलं तूप, खव्याचे पेढे, चक्का, सगळं त्यात आलं. हापूसची पेटी आणि कढीपत्ताही नाही. ताज्या फळांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, त्यातून सूट आहे ती केळं, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच. म्हणजे नारळ चालतो, आंबा नाही. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, कोकम यांना अडचण येत नाही, पण पाकिटावर इंग्रजीत नाव लिहा. तिथल्या बऱ्याच घरांत इंडक्शनची शेगडी असते, त्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. तळ इंडक्शनचा असलेला स्टीलचा कुकर इथूनच घ्या, आणि दोन जादा गॅस्केट व सेफ्टी व्हॉल्व्हही. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे मिक्सर चालतो, फक्त पिन बदलावी लागते. छत्री नेऊ नका. मुंबईच्या चार पावसाळ्यांत टिकलेली छत्री तिथल्या वाऱ्यात पहिल्या आठवड्यात उलटते. सगळ्यांना टोपीवाले रेनकोट घ्या.

कोणी आधी जायचं? आमचं मत, नोकरीवाल्याने महिना-सव्वा महिना आधी जावं. हॉटेलात दोन माणसं आणि एक चिडलेलं पोर घेऊन घर शोधता येत नाही. पण एमव्हीव्हीचे ९० दिवस मागे राहिलेल्यांनाही चालू असतात, तेवढं लक्षात ठेवा. आणि तात्पुरती जागा घेताना एकच प्रश्न आधी विचारा: या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येते का? अनेक अल्पमुदतीच्या जागा नोंदणी करू देत नाहीत. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याने पोचल्यापासून पाच दिवसांत नोंदणी करायची असते. पत्ता नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर बीएसएन नाही. बीएसएन हा तिथला सगळीकडे लागणारा नागरिक क्रमांक आहे. तो कंपनीला दिला नाही तर पगारावर सरळ ५२% कर कापतात. एका स्वस्त खोलीपायी पहिला पगार अर्धा येतो आणि परतावा मिळायला वर्ष जातं.

नोंदणीच्या दिवशी सगळ्यांनी हजर राहावं लागतं, तान्ह्या बाळानेसुद्धा. काउंटरवर पासपोर्ट, भाड्याचा करार आणि अपॉस्टिल केलेले दाखले मागतात. कागद उलटून आधी मागचा स्टिकर बघतात, मग पुढचा मजकूर. आईचं नाव, बापाचं नाव, जन्मगाव हे सगळं तुमच्यासमोर टाइप होतं आणि छापील उतारा तपासायला देतात. तो घाईत सही करून परत देऊ नका. गावाचं नाव, जन्मतारखेतला महिना, आडनावाचं स्पेलिंग बोट ठेवून वाचा. त्या खुर्चीत बसल्या बसल्या दुरुस्ती दोन मिनिटांत होते. उठल्यावर त्यासाठी अर्ज, पुरावा आणि आठवडे. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाचं जन्मगाव जिल्ह्याच्या नावाने चढलं, आणि पुढे प्रत्येक कागदावर तेच आलं. भारतीयांना तीन महिन्यांत क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते, तिचा फॉर्म अर्जासोबत भरलेलाच असतो. राहण्याचं कार्ड हाती आलं की जोडीदाराच्या कार्डावरचा मजकूर बघा. 'काम करायला मुक्त परवानगी' अशा अर्थाची ओळ त्यावर असते. वेगळा वर्क परमिट लागत नाही. हे मुंबईत बसून माहीत नसतं, आणि 'तिला तिकडे काम करता येणार नाही' या समजुतीने किती नोकऱ्या उगाच सोडल्या जातात!

घराबद्दल सांगायचं तर जाहिरातीत तीन प्रकार असतात. फर्निचरसकट, फक्त जमीन-पडदे असलेलं, आणि उघडं. उघडं म्हणजे शब्दशः उघडं. दिव्यांच्या जागी छतातून लोंबणाऱ्या वायरी, आणि पायाखाली नुसतं सिमेंट. जमिनीवरचं लॅमिनेट जाणारा भाडेकरू उचकटून घेऊन जातो, कारण ते त्याचं असतं. भाडं कमी दिसलं म्हणून असं घर घेतलंत तर ६० चौरस मीटरची जमीन, पडदे, दिवे यांत बरेच पैसे आणि तीन शनिवार-रविवार जातात. मालकाने डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं घ्यायचं, असा २०२३पासून नियम आहे. मालकाच्या वतीने काम करणाऱ्या एजंटला भाडेकरूकडून कमिशन घेता येत नाही. मुंबईचा एक महिन्याच्या ब्रोकरेजचा रिवाज डोक्यात असल्याने आपण ते देऊन टाकतो. देऊ नका. बहुतेक मालकांना पगार भाड्याच्या तिप्पट लागतो, आणि जोडीदाराची नोकरी अजून नसल्याने हिशेब एकाच पगारावर होतो. वर्षाच्या सुरुवातीला कचरा आणि पाणी-व्यवस्थापनाच्या करांची पत्रं येतात. ती भाड्यात धरलेली नसतात.

आरोग्य विमा आल्यापासून चार महिन्यांत घ्यायचा. उशिरा घेतला तरी हप्ता पहिल्या दिवसापासूनचा भरावा लागतो, म्हणून थांबून काही वाचत नाही. मोठ्या माणसाला महिन्याला दीडशे युरोच्या आसपास, १८ वर्षांखालच्या मुलांना फुकट. मोठ्यांनी वर्षाचे पहिले ३८५ युरो स्वतःच्या खिशातून भरायचे असतात, पण हाउसआर्ट्सकडची, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडची भेट त्यात मोजत नाहीत. मुंबईत ताप आला की बालरोगतज्ज्ञाकडे सरळ जाता येतं, तिथे हाउसआर्ट्सच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञ दिसत नाही. चिठ्ठी सहजी मिळत नाही, पॅरासिटामॉल मिळतं. फोनवर नर्स विचारते: किती दिवस ताप आहे, लघवी होते आहे का, खेळतो आहे का? उत्तरं नेमकी तयार ठेवा, 'खूप ताप आहे' एवढ्यावर कोणी हलत नाही. जवळच्या दवाखान्यांत अनेकदा नवे पेशंट घेणं बंद असतं, म्हणून घर पक्कं झालं त्याच आठवड्यात नाव घाला. आजारी पडल्यावर शोधायला लागलात तर रात्रीच्या तातडीच्या दवाखान्याशिवाय काही उरत नाही.

मुलाच्या लसीकरणाची वही इथल्या डॉक्टरकडून नीट लिहून घ्या. ब्रँडचं नाव नको, लसीचं नाव, तारीख आणि सही. आपल्या वह्यांमध्ये नुसते स्टिकर आणि गिचमिड असते. तिकडच्या बालआरोग्य केंद्रात ती वही घेऊन तिथल्या वेळापत्रकाशी जुळवतात. जे वाचता येत नाही ते दिलेलं नाही असं धरून पुन्हा टोचायचं ठरू शकतं. चार वर्षांखालच्या सगळ्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व द्यायला सांगतात. सावळ्या रंगाच्या मोठ्यांनाही तेवढंच. डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवून साडेचारला मावळतो, तेव्हा ते कशासाठी हे पटतं.

शाळा चौथ्या वाढदिवसापासून सुरू होते, सक्ती पाचव्यानंतर. चार-पाच वर्षांचं मूल थेट नेहमीच्या वर्गात बसतं. सहाच्या पुढचं बहुतेक ठिकाणी आधी साधारण वर्षभर नवागतांच्या भाषा-वर्गात. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळांची फी वर्षाला काही हजार युरो, खाजगींची त्याच्या कित्येक पट. मूल सहाच्या आत असेल आणि तीन वर्षांपेक्षा जास्त राहायचं असेल तर डच शाळाच बरी, असं आमचं ठाम मत आहे. सहा महिने पोर गप्प राहतं, घरी येऊन रडतं, मग एक दिवस बाहुलीशी डचमध्ये बोलायला लागतं. त्या सहा महिन्यांत इंग्रजी शाळेत घालायचा मोह होतो, तो आवरा. घरात मात्र मराठीच. मोडकं डच आई-बापांनी पोराशी बोलू नये, पोरगं लगेच हसतं.

शाळेची वेळ हा नोकरीतला सगळ्यात मोठा खडा. दोन-अडीचला शाळा सुटते, बुधवारी अनेक शाळा साडेबाराला. आजी-आजोबा शेजारच्या विंगमध्ये नाहीत, बाई नाही, डबेवाला नाही. शाळेनंतरच्या पाळणाघराला सरकार बरीच मदत देतं, पण त्यासाठी साधारणपणे दोन्ही पालक काम करत असावे लागतात. अर्ज पाळणाघर सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करायचा, त्याआधीचे पैसे मागे जाऊन मिळत नाहीत. इथे पाचर अशी बसते, की जोडीदाराला मुलाखतीला जायला वेळ हवा म्हणून पाळणाघर हवं, आणि नोकरी नाही म्हणून पाळणाघराला मदत नाही. यातून सगळे एकाच पद्धतीने सुटतात: आठवड्याचे दोन दिवस पूर्ण पैसे भरून, तीन-चार महिने. तेवढी रक्कम मुंबईतूनच बाजूला काढून न्या. मुलांचा भत्ता मात्र सगळ्यांना मिळतो, दर तीन महिन्यांनी. नोंदणीनंतर त्याचं पत्र घरी येतं, ते डचमध्ये आहे म्हणून जाहिरात समजून टाकू नका.

आता नोकरी. थर्टी पर्सेंट रूलिंग, म्हणजे पगाराचा काही हिस्सा करमुक्त, याचा अर्ज रुजू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत गेला तर पहिल्या दिवसापासून लागू होतो. एचआरला तारीख विचारून ठेवा. कामाच्या गडबडीत ते राहून जातं आणि भुर्दंड आपल्याला. ही सवलत जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि २०२७पासून ३०ऐवजी २७%. तिचा एक आडफायदा आहे. ज्याला ही सवलत त्याला आणि त्याच्या घरच्यांना भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळतं. एरवी आपलं लायसन्स १८५ दिवसच चालतं. बदलताना मूळ लायसन्स जमा करावं लागतं, म्हणून इथल्या आरटीओचं स्मार्टकार्ड मुदतीत आहे ना ते निघण्यापूर्वी बघा.

सुट्टीचा पगार म्हणून वर्षाच्या पगाराच्या ८% रक्कम बहुधा मेमध्ये वेगळी मिळते. ऑफरमधला आकडा ती धरून आहे की सोडून, हे सही करण्याआधी विचारा. कारण परवान्यासाठी पगाराची जी किमान रेषा आहे ती हे ८% सोडून मोजतात. २०२५मध्ये तिशी पार केलेल्यांसाठी ती महिना ५,६८८ युरो होती, दर जानेवारीत वाढते. सहकारी आठवड्याचे चारच दिवस काम करताना दिसतात, बुधवारी बाबा मुलांना घेऊन बागेत असतात. सहा महिने झाले की तुम्हालाही तास कमी करून मागता येतात, दहा किंवा जास्त माणसांच्या कंपनीत तो कायद्याने दिलेला हक्क आहे. पण तास कमी झाले की पगार कमी होतो आणि तो रेषेखाली गेला तर राहण्याचा परवानाच धोक्यात. अर्ज टाकण्याआधी हा हिशेब करा. नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात, आणि घरच्यांचे परवाने तुमच्या परवान्याला बांधलेले असतात.

आजारी पडलात तर सकाळी कळवायचं, बस्स. काय झालंय हे मॅनेजरने विचारायचं नसतं, ते कंपनीच्या डॉक्टरचं काम. आपण सवयीने लूज मोशनपर्यंत सगळं ईमेलमध्ये लिहितो, समोरचाच अवघडतो. जेवणाची सुट्टी अर्धा तास, ब्रेड आणि चीज. डबा नेला तर मायक्रोवेव्ह असतो, पण फोडणीचा वास पूर्ण मजल्याला समजतो. दही-भात, पोळीचा रोल सोपा. मीटिंगमध्ये 'हो, बघतो' म्हणालात तर ते काम तुम्ही घेतलं असं लिहून ठेवतात. आपल्या 'बघतो'त नकारही असतो, हे तिथे कोणाला ठाऊक नाही. जमणार नसेल तर तिथल्या तिथे जमणार नाही म्हणा, राग येत नाही कोणाला. वाढदिवसाला केक स्वतःच आणायचा असतो. आपला वाढदिवस कोणी साजरा केला नाही म्हणून पहिल्या वर्षी हिरमुसू नका.

भारतात यायचं नियोजन शाळा ठरवते. मूल पाचचं झालं की सत्र चालू असताना परवानगीशिवाय नेलं तर दंड होतो, आणि विमान स्वस्त होतं हे कारण चालत नाही. उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवडे, देशाच्या तीन भागांत थोडी मागेपुढे, म्हणजे जुलै-ऑगस्ट, मुंबईत धो धो पाऊस. मे महिन्यातलं आजोळ विसरा. गणपती बहुतेक वर्षी शाळा सुरू झाल्यावरच येतात. धार्मिक सणासाठी मात्र एका सणाला एक दिवस सुट्टी मिळते, शाळेला किमान दोन दिवस आधी कळवायचं. फॉर्मवर सणाचं नाव लिहावं लागतं, तिथे 'गणेश चतुर्थी' लिहा. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असल्याने स्थापनेला रजा आणि विसर्जनाला शाळा. शाडूची मूर्ती केबिन बॅगेत, मोज्यांमध्ये गुंडाळून आणायची आणि विसर्जन शाळा सुटल्यावर बादलीत. माती चार दिवसांनी विरघळते, मग गॅलरीतल्या कुंडीत.